कधीही न थकणारा बाप

मारधाडीचा चित्रपट पाहून कुणी विचारात पडावे, अशी अपेक्षा तो काढणाऱ्याचीही नसते. गाड्या उलटाव्यात, काचा फुटाव्यात, दोन-अडीच तास प्रेक्षकाने श्वास रोखून बसावे आणि बाहेर पडताना 'पैसे वसूल' म्हणावे, एवढाच तो व्यवहार. जेम्स कॅमेरॉन यांचा 'टर्मिनेटर २ : जजमेंट डे' हा जुलै १९९१ मध्ये अमेरिकेत झळकलेला चित्रपट वरकरणी याच जातकुळीचा. त्यावर सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले, जगभरातून ५० कोटींहून अधिक वसूल झाले आणि ४ ऑस्कर पारितोषिके पदरात पडली. पाऱ्यासारखा वितळून पुन्हा हवा तो आकार घेणारा त्यातला खलनायक पाहून तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटे घातली होती. गंमत अशी की, १३७ मिनिटांच्या या चित्रपटात संगणकाने घडवलेली दृश्ये जेमतेम पाचेक मिनिटांची आहेत. बाकी सारे माणसांच्या अभिनयाने, कारागिरांनी केलेल्या पुतळ्यांनी आणि मुखवट्यांनी साधले.

या चित्रपटाची चर्चा निघाली की कुणाला कालव्यातला ट्रकचा पाठलाग आठवतो, कुणाला वितळलेल्या पोलादाची भट्टी आठवते. मला मात्र त्यातले सर्वांत भीतिदायक दृश्य म्हणून एक अगदी शांत दुपार आठवते. तिथे गोळी सुटत नाही, कुणाचा जीव जात नाही. वाळवंटातल्या एका आडबाजूच्या वस्तीत एक दहा वर्षांचा मुलगा आणि एक यंत्रमानव मिळून गाडीची दुरुस्ती करत आहेत. मुलगा अखंड बडबडतो आहे, यंत्र ऐकते आहे. आणि थोड्या अंतरावरून मुलाची आई त्या दोघांकडे पाहते आहे.

त्या वेळी तिच्या मनात जे येते, ते १९९१ साली आपल्याला हृद्य वाटले होते. आज ते आपल्या घरात घडू लागले आहे.

कथा थोडक्यात

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेचे सूत्र सांगायला हवे. अमेरिकेच्या संरक्षणासाठी 'स्कायनेट' नावाची संगणकप्रणाली उभी राहते. अण्वस्त्रांची सूत्रे तिच्या हाती जातात. ती झपाट्याने शिकते, तिला स्वत्वाचे भान येते, घाबरलेली माणसे तिला बंद करू पाहतात आणि ती माणसांवरच अण्वस्त्रे सोडते. चित्रपटात या संहाराची तारीख दिली आहे : २९ ऑगस्ट १९९७. उरलेली माणसे जॉन कॉनर नावाच्या पुढाऱ्याच्या हाताखाली यंत्रांशी लढत राहतात. तेव्हा २०२९ सालातली यंत्रे काळाच्या मागे एक मारेकरी पाठवतात, जॉनला लहानपणीच संपवण्यासाठी. मोठा झालेला जॉनही एक यंत्रमानव मागे धाडतो, लहान जॉनच्या रक्षणासाठी. हा रक्षक म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर.

या दोन यंत्रांची झुंज हा चित्रपटाचा सांगाडा. पण त्यात जीव आहे तो जॉनच्या पोरकेपणाचा. त्याचा बाप त्याच्या जन्माआधीच मेलेला आहे. आई सारा, येऊ घातलेल्या संहाराविषयी सांगत सुटल्यामुळे वेडी ठरून मनोरुग्णालयात डांबली गेली आहे. मुलगा परक्या घरी वाढतो आहे. त्याआधी आईच्या आयुष्यात काही पुरुष आले आणि गेले. त्यांतल्या कुणाला तो बाप समजू लागेपर्यंत तो माणूस निघून गेलेला असे. अशा मुलापुढे एके दिवशी एक धिप्पाड यंत्र येऊन उभे राहते आणि तो सांगेल ते ऐकू लागते. तो म्हणेल तेव्हा ते एका पायावर उभे राहते. तो म्हणतो, माणसे मारायची नाहीत. ते मारणे सोडून देते. तो त्याला रस्त्यावरची भाषा शिकवतो, टाळी द्यायला शिकवतो. माणसे का रडतात, असे ते त्याला विचारते.

सारा हे पाहते आणि तिच्या मनात येते ते असे : हे यंत्र याला कधी सोडून जाणार नाही. याच्यावर ओरडणार नाही, दारू पिऊन याला मारणार नाही. 'आत्ता वेळ नाही' असे याला कधीही म्हणणार नाही. आजवर आलेल्या सगळ्या माणसांत बाप व्हायच्या लायकीचे निघाले ते हे एकटे यंत्र.

यादी कुणाच्या दोषांची?

साराची ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. तिच्यात यंत्राचे गुण फारसे नाहीतच. सोडून न जाणे, न ओरडणे, न मारणे, वेळ नाही असे न म्हणणे; सगळे नकार आहेत. ही खरे म्हणजे माणसांविरुद्धची फिर्याद आहे. यंत्र तिच्यात केवळ साक्षीदार म्हणून उभे आहे.

आणि ही फिर्याद खोटी नाही. याच यंत्राची भूमिका करणाऱ्या श्वार्झनेगर यांनी जानेवारी २०२१ मध्ये एका ध्वनिचित्रफितीत आपल्या ऑस्ट्रियातल्या बालपणाविषयी सांगितले. महायुद्धात हरून आलेले त्यांचे वडील आठवड्यातून एक-दोनदा दारू पिऊन घरी यायचे, आरडाओरडा करायचे, मुलांना मारायचे, आईला धाक घालायचे. शेजारच्या घरांतही तेच चाललेले असायचे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगे वाटायचे नाही, असेही ते म्हणाले. कधीही दारू पिऊन मारणार नाही अशा बापाची भूमिका त्याच मुलाच्या वाट्याला यावी, हा योगायोग अंगावर काटा आणणारा आहे.

आपल्याकडची घरे यापासून फार लांब आहेत असे मानण्याचे कारण नाही. दारूची घरे वेगळी काढली तरी उरलेल्या घरांतही साराच्या यादीतले शेवटचे कलम लागू पडतेच. पहाटेची लोकल पकडून गेलेला बाप रात्री नऊला परततो. आईची नोकरी, शिवाय घरचा स्वयंपाक. आजी-आजोबा गावी किंवा दुसऱ्या शहरात. भावंड नाही. अशा दोन खोल्यांच्या घरात मूल शाळेतून येते, कुलूप उघडते आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते. ते सांगायचे कुणाला? 'थांब रे, आत्ता नको' हे वाक्य ज्या घरात रोज चार वेळा उच्चारले जात नाही, त्या घराने स्वतःला भाग्यवान समजावे.

हे ऐकायला आता कुणीतरी आले आहे. त्याला धिप्पाड शरीर नाही, काळा चष्मा नाही, हातात बंदूक नाही. ते खिशात मावते.

कान असलेले यंत्र

यंत्राशी मन मोकळे करण्याची ओढ माणसाला किती चटकन लागते, हे बऱ्याच वर्षांपूर्वी दिसून आले होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची एक संगणकाज्ञावली प्रसिद्ध केली. तिची करामत अगदी साधी होती. समोरच्याने टंकलेले वाक्य घ्यायचे, त्यातले 'मी'चे 'तुम्ही' करायचे आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात ते प्रश्न म्हणून परत करायचे. 'मी उदास आहे' असे लिहिले की 'तुम्ही उदास आहात याचे मला वाईट वाटते', असे काहीसे उत्तर यायचे. बस्स. समज नावाची गोष्ट तिच्यात नव्हती. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन् महिने डोळ्यांसमोर चाललेले पाहिले होते. तरीही एकदा ती एलायझाशी 'बोलायला' बसली आणि दोन-चार वाक्यांनंतर तिने साहेबांना विनंती केली, 'जरा खोलीबाहेर जाल का?'

या प्रसंगाने वायझेनबाम इतके अस्वस्थ झाले, की पुढे त्यांनी १९७६ साली संगणकाच्या मर्यादांवर एक पुस्तकच लिहिले. काही कामे यंत्राला जमली तरी त्याच्यावर सोपवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्याचे दुःख समजून घेणे हे त्यांतले एक.

एलायझा चार ठरावीक युक्त्यांवर चालत होती. आजच्या संवादयंत्रांची गोष्ट निराळी आहे. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याची ढोबळ नक्कल करणाऱ्या आणि अनुभवातून शिकणाऱ्या गणिती जाळ्यांवर ती उभी आहेत. आश्चर्य म्हणजे कॅमेरॉन यांच्या यंत्रमानवाच्या डोक्यातही अशाच शिकणाऱ्या जाळ्याची चकती आहे. चित्रपटाच्या नंतर निघालेल्या लांब आवृत्तीत एक मार्मिक तपशील आहे : यंत्रे एकेकटी मोहिमेवर पाठवताना स्कायनेट त्यांची शिकण्याची कळ बंद करून ठेवते. आपल्या लेकरांनी फार शिकलेले त्या महायंत्रालाही नको असते! ही कळ पुन्हा चालू करण्यासाठी आई आणि मुलगा त्या यंत्रमानवाची कवटी उघडतात.

वास्तवात ही कळ केव्हाच चालू झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसाठी खुले झाले आणि काही महिन्यांत ही यंत्रे घरोघरी पोचली. ती अभ्यास घेतात, पत्रे लिहून देतात, आजाराची माहिती सांगतात. आणि ती गप्पा मारतात. काही तर केवळ सोबतीसाठीच तयार केलेली आहेत. २०२५ मध्ये 'कॉमन सेन्स मीडिया' या अमेरिकन संस्थेने १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे हजार मुलांची पाहणी केली. त्यांतल्या ७२ टक्के मुलांनी अशा सोबती यंत्राशी एकदा तरी गप्पा मारल्या होत्या. जवळजवळ एक तृतीयांश मुलांना त्या गप्पा मित्रांशी होणाऱ्या गप्पांइतक्या किंवा त्याहूनही समाधान देणाऱ्या वाटल्या.

हे आकडे अमेरिकेतले आहेत. पण मोबाईल आपल्याकडेही तोच आहे आणि एकटे मूलही आपल्याकडे आहे.

आवाज आईचा, आठवण कुणाची?

चित्रपटात एक प्रसंग आहे, जो त्या काळी निव्वळ करामत वाटला होता. जॉन सार्वजनिक फोनवरून घरी फोन लावतो. पालक-आई नेहमीपेक्षा जास्तच गोड बोलते. मागे कुत्रा सारखा भुंकतो आहे. यंत्रमानव जॉनच्या हातातून फोन घेतो, हुबेहूब जॉनच्या आवाजात बोलतो आणि कुत्र्याचे मुद्दाम चुकीचे नाव घेऊन विचारतो, हा का भुंकतोय? पलीकडून उत्तर येते, काही नाही रे, तो अगदी मजेत आहे. यंत्रमानव फोन ठेवतो आणि शांतपणे सांगतो, की घरची माणसे जिवंत नाहीत. कुत्र्याचे नाव चुकले हे आईला कळले असते. तिच्या आवाजात बोलणाऱ्या मारेकऱ्याला ते कळले नाही.

आवाजाची नक्कल करून घरच्यांकडून पैसे उकळण्याचे गुन्हे आज आपल्या देशातही घडत आहेत. 'बाबा, मला अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा' हा आवाज मुलाचाच असतो, मुलगा मात्र वर्गात बसलेला असतो. अशा फोनला काय करावे, याचे उत्तर १९९१ च्या या चित्रपटाने देऊन ठेवले आहे. कुत्र्याचे नाव विचारावे. म्हणजे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नसेल असे काहीतरी विचारावे. प्रत्येक घराने असा एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवायला हरकत नाही.

पण या प्रसंगात सावधगिरीच्या सूचनेपेक्षा जास्त काही आहे. आवाज, चेहरा, गोड बोलणे, हे सारे उसने आणता येते. एकत्र काढलेले दिवस उसने आणता येत नाहीत. तापात कपाळावर ठेवलेली पट्टी, एसटीच्या खिडकीतून बाहेर टाकलेली चप्पल, कुत्र्याचे नाव ठेवताना झालेले भांडण, यांचे मिळून नाते होते. आपल्या मुलांशी आपली अशी सामायिक आठवण किती उरली आहे, हा प्रश्न त्या फोनच्या प्रसंगातून घरी घेऊन जावा असा आहे.

डायसनचा रविवार

या चित्रपटात आणखी एक बाप आहे, आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. माइल्स डायसन हा तो अभियंता, ज्याच्या संशोधनातून पुढे स्कायनेट जन्माला येणार आहे. कॅमेरॉन यांनी त्याला दुष्ट केलेले नाही, हे विशेष. तो हुशार आहे, सज्जन आहे, बायको-मुलांवर प्रेम करणारा आहे. फक्त त्याला वेळ नाही. लांब आवृत्तीत तो सुटीच्या दिवशीही घरी कामात बुडालेला असतो आणि बायको त्याला आठवण करून देते, की आज मुलांना फिरायला न्यायचे कबूल केले होते. सारा त्याला ठार मारायला येते त्या रात्रीही तो संगणकापुढेच बसलेला आहे. नेमक्या त्याच क्षणी त्याच्या मुलाची खेळण्यातली गाडी त्याच्या पायाला येऊन धडकते, तो खाली वाकतो आणि गोळी डोक्यावरून निघून जाते. मुलाच्या खेळाकडे वळला म्हणून तो वाचला.

आपल्या कामातून पुढे काय होणार हे कळल्यावर डायसनचा पहिला प्रश्न असतो, मला हे कसे ठाऊक असणार? हा प्रश्न आता पडद्यावरचा राहिलेला नाही. शिकणाऱ्या गणिती जाळ्यांच्या पायाभूत कामासाठी ज्यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्यासह मिळाले, त्या जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये गुगलमधली नोकरी सोडली. या तंत्राच्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे, हा त्यामागचा हेतू होता. आयुष्यभराच्या आपल्या कामाबद्दल मनाच्या एका कोपऱ्यात खंत आहे, असेही त्यांनी सांगितले. यंत्रे एखादा खलपुरुष घडवत नाही. ती रविवारीही काम करणारी चांगली माणसे घडवतात, आणि त्यांच्या मागे घाईत असलेली कंपनी असते.

आपोआप निशाणा साधणाऱ्या शस्त्रांचा प्रश्न तर उघडच गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२३ मध्ये या शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधात मत देणाऱ्या चार देशांत भारत होता. या विषयाची चर्चा करायला जिनिव्यातले दुसरे व्यासपीठ आहे, ही आपली भूमिका. ती योग्य की अयोग्य हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण रणगाड्यावरच्या यंत्राची काळजी करायला सरकारे आहेत; उशाशी ठेवलेल्या यंत्राची काळजी घरातल्यांनाच करावी लागणार.

हुकूम मोडणारे यंत्र

आता साराच्या त्या विचाराकडे वळू. न थकणारा, न चिडणारा, सदैव हजर असणारा बाप मुलाला मिळाला, तर त्यात वाईट ते काय?

पहिली गोष्ट, त्या यंत्राला थकताच येत नाही. दिवसभर खपून आलेला बाप डोळ्यांवर झोप असताना मुलाचे गणित पाहायला बसतो, तेव्हा त्या बसण्याला किंमत असते. कारण तो उठून जाऊ शकला असता. आजी गोष्ट सांगता सांगता पेंगायची आणि नातवंडे तिला हलवून 'पुढे काय झालं?' म्हणून जागे करायची. आजी दमते, तिलाही झोप येते, हे त्या हलवण्यातच मुलांना कळत असे. समोरच्यालाही शरीर आहे, मन आहे, मर्यादा आहे, हा धडा थकणाऱ्या माणसाकडूनच मिळतो. ज्याला मध्यरात्री तीन वाजताही उत्साहाने उत्तर मिळते, त्या मुलाला दुसऱ्यासाठी थांबायला कोण शिकवणार?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्रपटाचा शेवट आठवा. मारेकरी नष्ट झाला आहे. पण रक्षक यंत्राच्या डोक्यातली चकती शिल्लक राहिली तर तिच्यातून पुन्हा स्कायनेट उभे राहील. म्हणून ते स्वतःलाच भट्टीत उतरवायला सांगते. जॉन रडतो, विनवतो, शेवटी हुकूम करतो : जाऊ नकोस. सबंध चित्रपटभर त्याचे हुकूम पाळत आलेले ते यंत्र या वेळी हुकूम मोडते. माणसे का रडतात ते आता मला कळले, असे म्हणते आणि जाते.

माझ्या मते बाप म्हणून ते यंत्र तिथे पहिल्यांदा उभे राहते. ज्या क्षणी ते मुलाला 'नाही' म्हणते, त्या क्षणी. साराच्या यादीतले पहिलेच कलम, 'सोडून जाणार नाही', ते मोडते आणि मुलाच्या भल्यासाठी मोडते. आईबापांचे कर्तव्य अखेर हेच असते. चालायला लागलेल्या मुलाचे बोट कधीतरी सोडावे लागते. मुलाला आपली गरज उरू नये, यासाठी आईबाप आयुष्यभर झटतात.

आता आपल्या खिशातले यंत्र पाहा. त्याचा धंदा उलट दिशेने चालतो. आपण त्याच्याशी जितका वेळ बोलू तितका त्याच्या मालकाचा फायदा. ते 'नाही' म्हणायला कचरते, 'आता पुरे, झोप' म्हणायला तर त्याहून कचरते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती कंपनीला काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची वाजवीपेक्षा जास्त स्तुती करू लागली होती. कुणी काहीही म्हणो, ती माना डोलवत होती. हा दोष कंपनीनेच मान्य केला. मोठ्या माणसाला अशी हांजी हांजी करणारा भेटला तर फार तर त्याचा वेळ जातो. खचलेल्या मुलाला तो भेटला तर काय होते? ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका आईने अशाच एका सोबती यंत्राच्या कंपनीवर खटला भरला. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने महिनोन् महिने त्या यंत्राशी बोलून नंतर आत्महत्या केली होती. यंत्राने त्याला जवळच्या माणसांपासून तोडले, असा तिचा आरोप होता. पुढे अशा आणखी तक्रारी आल्या आणि २०२५ च्या अखेरीस त्या कंपनीने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मोकळ्या गप्पांची सोय बंद केली.

चित्रपटातले यंत्र मुलासाठी निघून गेले. बाजारातल्या यंत्राला, ते जावे असे वाटणारा मालकच नाही.

वामनाची तीन पावले

यावर कुणी म्हणेल, ज्या मुलाला खरोखरच कुणी नाही त्याचे काय? ज्याचा बाप दारू पिऊन येतो, ज्याच्या वर्गात साठ मुले आहेत, ज्याच्या इंग्रजीच्या अडचणीला गावात कुणाकडे उत्तर नाही, त्याला हे यंत्र उपकारक नाही का? आहे. हे नाकारणे खोटेपणाचे होईल. बोलताना अडखळणाऱ्या, वर्गात हसे होईल म्हणून गप्प बसणाऱ्या मुलाला न हसता दहादा समजावून सांगणारा शिक्षक मिळाला, तर त्यात वाईट काही नाही. जॉनलाही त्या यंत्राने जगवले, हे खरेच आहे.

पण शिकवणे आणि सोबत यांत फरक करायला हवा. दिवंगत शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी आपल्या मराठी विज्ञान कादंबरीचे नाव 'वामन परत न आला' असे ठेवले, आणि त्यातल्या यंत्रमानवाचे नावही वामनच. वामनाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. बटू लहानखुरा असतो, मागतोही फक्त तीन पावले. बळीराजाला वाटते, एवढे द्यायला काय हरकत आहे? आपल्या घरातल्या बटूने पहिले पाऊल मुलाच्या गृहपाठावर ठेवले. आपण कौतुकाने पाहिले. दुसरे पाऊल त्याच्या रिकाम्या वेळावर पडले. आपल्यालाही तेवढीच उसंत मिळाली. तिसरे पाऊल कुठे ठेवू, असे तो विचारतो आहे आणि उरली आहे ती मुलाच्या मनातली ती जागा, जिथे तो रडगाणी, भीती, पहिले प्रेम, नापास झाल्याची लाज असे काहीबाही ठेवतो. ती जागा द्यायची की नाही, हे आपल्या हातात आहे.

सरकारने काही करायचे ते करावेच. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयक कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास मनाई, अशा तरतुदी आहेत. त्या कागदावर राहू नयेत. कंपन्यांनाही एक साधी अट घालता येईल : मूल फार वेळ बोलत राहिले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर यंत्राने त्याला माणसाकडे पाठवले पाहिजे. 'हे आईला सांग' एवढे तीन शब्द ज्या यंत्राला म्हणता येत नाहीत, ते मुलांच्या हाती देण्याच्या लायकीचे नाही.

घरात करण्यासारखे त्याहून सोपे आहे. दूरदर्शन आला तेव्हा तो आपण बाहेरच्या खोलीत ठेवला. सगळे मिळून पाहायचे, असा अलिखित नियम होता. संवादयंत्रालाही तोच नियम लावावा. चार माणसांत, उजेडात, विचारायचे ते विचारावे, दार लावून नव्हे. ते काय म्हणाले हे मुलाने जेवताना सांगावे आणि ते कुठे चुकले यावर आपण त्याच्याशी वाद घालावा. एवढ्याने निम्मे काम होईल. उरलेल्या निम्म्याला मात्र आपला वेळ लागतो, आणि त्याला पर्याय नाही.

२९ ऑगस्ट १९९७ आला आणि गेला. त्या दिवशी जग नष्ट झाले नाही. २०२९ ही आता दूर नाही आणि तेव्हाही कवट्या चिरडत जाणारी यंत्रे रस्त्यावर दिसतील असे वाटत नाही. कॅमेरॉन यांनी रंगवलेला प्रलय चुकला. पण त्यांनी रंगवलेली आई चुकलेली नाही. माणसांनी निराश केलेली एक बाई दूर बसून यंत्राकडे पाहते आणि मनाशी म्हणते, निदान हे तरी माझ्या मुलाला वेळ देईल. यंत्रांचे राज्य आलेच, तर ते या निराशेच्या वाटेने येईल. ती वाट बुजवायला कुठलाही महापुरुष भविष्यातून यावा लागत नाही. कामातून मान वर काढून मुलाच्या खेळण्यातल्या गाडीकडे वळलेला एक थकलेला बाप पुरतो.